तुझ्याच इंग्रजीत लिही

"केतकी, तुला पहाटेचा सराव आवडतो का?" ओल्सन मॅडमनी मला विचारलं.

"खूप आवडतो," पप्पा म्हणाले. "लहानपणापासून तिला लवकर उठायची सवय आहे."

ओल्सन मॅडमनी मान हलवली आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. "आणि शाळेत कोणता विषय आवडतो?"

"जीवशास्त्र," पप्पा म्हणाले. "तिला पुढे फिजिओथेरपी करायची आहे."

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. मी समोरच्या खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून बसले होते. ट्रॅकपँट घालायची नाही असं पप्पांनी बजावलं होतं, म्हणून मावशीच्या लग्नातला हिरवा ड्रेस घातला होता, आणि तो खांद्यात घट्ट होत होता. वल्ही मारून मारून माझे खांदे त्या वर्षात एवढे रुंद झाले होते की जुना एकही कपडा धड बसत नव्हता.

ओल्सन मॅडम अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या मुलींच्या रोइंग संघाच्या कोच होत्या. देशोदेशीच्या शाळकरी मुली हेरायच्या, त्यांच्याशी महिनोन् महिने बोलायचं आणि शिष्यवृत्ती देऊन त्यांना आपल्या संघात घ्यायचं, हा त्यांच्या कामाचा भाग होता. माझ्यासाठी त्या खास भारतात आल्या होत्या असं नाही. पुण्यात त्यांच्या मैत्रिणीचं लग्न होतं. तेवढ्यात वाट वाकडी करून त्या नाशिकला आल्या होत्या. तरी आमच्या कॉलनीत गाडीतून एक उंच गोरी बाई उतरली, तेव्हा समोरच्या तिन्ही बाल्कन्या भरल्या. पप्पांनी शेजारच्या गायधनी काकूंकडून चांगले कप आणून ठेवले होते. मॅडमचे पाय इतके लांब की सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये ते मावेनात. शेवटी त्यांनी टीपॉयच बाजूला सरकवला.

मी बारावीत होते. गंगापूर धरणावरच्या क्लबमध्ये चार वर्षं रोइंग करत होते आणि ज्युनिअर नॅशनलला एकटीच्या होडीत मला रौप्यपदक मिळालं होतं. पदक मिळालं त्याच आठवड्यात पप्पांनी इंटरनेटवर शोधाशोध सुरू केली. ते इंग्रजीचे शिक्षक. शाळा सुटल्यावर कॉलेज रोडला त्यांचे क्लास चालायचे, आणि बोरस्ते सरांकडे गेलेला मुलगा इंग्रजीत नापास होत नाही असा त्यांचा लौकिक होता. त्यांनी कितीतरी विद्यापीठांच्या कोचना मेल पाठवल्या, अर्थात माझ्या नावानं. "मी आपल्या बहुमोल मार्गदर्शनाची मनःपूर्वक अभिलाषा बाळगते" अशा थाटाच्या. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. ओल्सन मॅडमनी दिलं. मग मेलची देवाणघेवाण सुरू झाली. त्या काय विचारायच्या आणि 'मी' काय उत्तर द्यायचे, हे मला रविवारी कळायचं, पप्पा वाचून दाखवायचे तेव्हा.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर मॅडम उठल्या. दाराशी त्यांनी माझा हात हातात घेतला. तळहातावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपून पाहिले आणि हसल्या.

"एक सांगू? तुझ्या मेल वाचून मला वाटायचं, ही मुलगी पन्नास वर्षांची असणार."

पप्पा मोठ्यानं हसले. मग त्यांना कळलं, आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"उद्या सकाळी मी तिला पाण्यावर बघते," मॅडम पप्पांना म्हणाल्या. "आणि मिस्टर बोरस्ते, राग मानू नका, पण उद्या मला फक्त तिच्याशी बोलायचंय."

त्या हॉटेलवर गेल्यावर पप्पा बराच वेळ कप पुसत बसले. ते कप कधीच कोरडे झाले होते.

"तिला इंग्रजी जमत नाही हे त्यांना कळायला हवं," ते म्हणाले. घरात आम्ही दोघंच होतो. तरी ते माझ्याबद्दल तिसऱ्या कुणाला तरी सांगत असल्यासारखे बोलत होते. मग त्यांनी एक कागद घेतला आणि मी विचारायचे प्रश्न त्यावर लिहून दिले. प्रयोगशाळा कशा आहेत. वसतिगृहाची सुरक्षाव्यवस्था कशी आहे. संघाची पुढच्या वर्षीची उद्दिष्टं काय आहेत. मी ते पाठ केले.

सकाळी धरणावर वारा नव्हता. पाणी सपाट होतं आणि पलीकडच्या टेकड्या त्यात उलट्या पडल्या होत्या. पप्पांनी गाडी वर, झाडाखाली लावली आणि ते पायऱ्यांवर बसले. मॅडमनी सांगितलं होतं म्हणून खाली धक्क्यावर आले नाहीत.

मी होडी पाण्यात घातली. मॅडम धक्क्यावर उभ्या राहून बघत होत्या. मी लांबवर जाऊन आले, पुन्हा गेले. रोइंगमध्ये माणूस पाठमोरा पुढे जातो. जिकडे जायचं ती दिशा दिसत नाही, सोडून आलेला किनारा तेवढा दिसत राहतो. त्या दिवशी मला धक्क्यावरची ती उंच बाई आणि तिच्या बरंच वर, पायऱ्यांवर, पांढऱ्या शर्टातले पप्पा एवढंच दिसत होतं. दोघंही लहान लहान होत गेले.

परत आले तेव्हा मॅडम धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या. बूट काढून ठेवले होते. मी जवळ येताच त्यांनी माझ्या वल्ह्याचं पातं धरलं. आता त्यांनी सोडल्याशिवाय मला हलता येणार नव्हतं.

"छान," त्या म्हणाल्या. "पण तू किती वेगानं जातेस ते मला आधीच ठाऊक होतं. ते आकड्यांवरून कळतं. खरं सांगते, माझ्याकडे एकच जागा उरली आहे. लिथुआनियातली एक मुलगी आहे, ती तुझ्यापेक्षा थोडी वेगवान आहे. ती मला मेल लिहिते, त्यात दहा चुका असतात. पण तिच्या कुत्र्याचं नाव मला माहीत आहे. तिला पोहताना भीती वाटते हे माहीत आहे. तुझ्याबद्दल मला काय माहीत आहे? तुझे मार्क."

त्या हळूहळू बोलत होत्या, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून.

"मुलीला घेऊन जायचं म्हणजे मला तिच्याबरोबर चार वर्षं काढायची असतात, केतकी. मला तुझा आवाजच माहीत नाही. आता तू विचार. तुला काय हवं ते विचार."

मी पाठ केलेलं म्हटलं. "आपल्याकडच्या प्रयोगशाळा कशा आहेत?"

"उत्तम आहेत. हा प्रश्न त्यांचा." त्यांनी मानेनं पायऱ्यांकडे खूण केली. "आता तुझा."

होडी हलत होती. पाणी धक्क्याखाली डुबुक डुबुक वाजत होतं. मॅडमनी घाई केली नाही, माझ्यासाठी शब्दही शोधून दिला नाही. मी वाट बघत राहिले की कुणीतरी बोलेल, कारण नेहमी कुणीतरी बोलायचं. कुणी बोललं नाही.

मग मी विचारलं. मोडक्या इंग्रजीत, क्रियापद कुठे घालायचं ते न कळून.

"तिथे जेवताना माझ्याबरोबर कोण असेल?"

हे मला विचारायचं होतं हे मलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. तोंडातून निघालं आणि मला एकदम रडूच फुटलं. मी मान खाली घातली आणि होडीत साचलेलं पाणी स्पंजनं टिपायला लागले.

'अगं, सगळेच असतील की' असं कुणीही म्हणालं असतं. मॅडम विचार करत होत्या.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळचा सराव झाला की माझ्या मुली एकत्र नाश्ता करतात. तू त्यांच्याबरोबर बसशील. पण त्या भराभर बोलतील, त्यांचे विनोद तुला कळणार नाहीत. सगळ्यांबरोबर बसून तू एकटीच जेवशील. काही महिने. कदाचित पूर्ण हिवाळा. काही मुली नाताळात घरी जातात आणि परत येत नाहीत. मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

"मग मी कशाला यायचं?"

"ते मला नको विचारूस. ते तू मला सांगायचंस." त्यांनी वल्हं सोडलं. "या आठवड्यात मला लिही. तू स्वतः. तुझ्याच इंग्रजीत लिही. व्याकरण बरोबर असलेली मेल आली, तर मी उत्तर देणार नाही."

मी मान वर केली. पायऱ्यांवर पप्पा उभे राहिले होते. धरणावर वारा नसला की आवाज फार लांब जातो. क्लबमधल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मी ते विसरले होते.

गाडीत बसण्याआधी मॅडमनी पप्पांशी हात मिळवला. "तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, मिस्टर बोरस्ते."

"थँक यू, मॅडम," पप्पा म्हणाले. मॅडमना हॉटेलवर सोडून आम्ही घरी आलो, त्या सबंध रस्त्यात पप्पांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, त्यांना राग आला.

आमच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. मी सहावीत असताना मम्मी गेली. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेली होती, तिथूनच गेली. त्यानंतर काही महिने मी बोलत नव्हते. बोलायचं नाही असं ठरवलं नव्हतं, आतून शब्दच येत नव्हते. शाळेत बाईंनी विचारलं की पप्पा सांगायचे, डॉक्टरांनी विचारलं की पप्पा सांगायचे. दुकानात मी नुसतं बोट दाखवायचे आणि ते 'हिला तो निळा डबा द्या' म्हणायचे. पुढे मी बोलायला लागले, पण तोवर त्यांना सवय झाली होती. मलाही झाली होती. होडी मला आवडली ती त्यामुळेच. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही.

आणि संध्याकाळी मी एकटी जेवायचे. पप्पांचे क्लास असायचे. त्यांचा डबा सकाळीच भरून जायचा. मी खिचडी लावायचे, टीव्हीसमोर ताट घेऊन बसायचे. ते आले की 'जेवलीस?' विचारायचे, मी 'हो' म्हणायचे. सहा वर्षांत आमच्यात जेवणाबद्दल एवढंच बोलणं झालं होतं.

त्या संध्याकाळी मी कुकर लावत होते आणि दारात चावी फिरली. बाहेर अजून उजेड होता.

"बॅच सोडली," पप्पा म्हणाले. बूट काढून ते स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. "किती वेळ आहे?"

"दोन शिट्ट्या."

त्यांनी दोन ताटं घेतली. डायनिंग टेबलवर जुनी वर्तमानपत्रं, माझी पुस्तकं, इस्त्रीचे कपडे असा ढीग पडला होता, तो उचलून पलंगावर टाकला. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं. आम्ही समोरासमोर बसलो. मी वाढलं. त्यांनी एक घास घेतला आणि तो त्यांच्या तोंडात फिरतच राहिला.

"रोज टीव्ही लावूनच जेवतेस?"

"हो."

"काय बघतेस?"

"काहीही. बातम्या. कुणीतरी बोलत असलं की झालं."

त्यांनी पाणी प्यायलं. मग भात चिवडत राहिले. मी लोणचं हवं का विचारलं, तर नको म्हणाले. बाहेर पोरांचं क्रिकेट चाललं होतं, त्यांच्या आरडाओरड्यानं निदान ती शांतता भरून निघत होती.

"केतू," ते एकदम म्हणाले, "शेवटची बॅच लवकर सुटते."

"म्हणजे?"

"म्हणजे आता, या वेळेला सुटते. रोज. सगळी पोरं जातात. मग मी फळा पुसतो. बाकं सरळ करतो. मग तिथेच डबा उघडतो." ते ताटाकडे बघून बोलत होते. "जेवून झालं की बसतो जरा वेळ. पेपर तपासतो. तपासायला नसले तरी बसतो."

"मग घरी का नाही येत?"

"येववत नाही गं. या टेबलाशी बसवत नाही. सुरुवातीला वाटलं, थोडे दिवस. मग तूही काही म्हणाली नाहीस. मला वाटलं, तू जेवून अभ्यासाला बसतेस, शांतता बरी पडत असेल. बरंच आहे, असं वाटलं."

कॉलेज रोडवरचा तो क्लास मला माहीत होता. पत्र्याच्या शेडची एक खोली, दोन ट्यूबलाइट, ओळीनं बाकं. त्यातल्या कुठल्या बाकावर ते बसत असतील, पहिल्या की शेवटच्या, असा काहीतरी विचित्र विचार माझ्या मनात आला. तिथून आमच्या घरापर्यंत चालत यायला कितीसा वेळ लागतो. आणि सहा वर्षं आम्ही दोघं एकाच वेळी, एकाच स्वयंपाकघरातलं, दोन ठिकाणी जेवत होतो.

"मग मला एवढ्या लांब का पाठवताय?" मी विचारलं.

"इथे काय आहे तुला?" ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तिथे निदान माणसं असतील, असं वाटलं. मोठा संघ आहे. आठ आठ जणी एका होडीत बसतात म्हणे."

"त्या म्हणाल्या, तिथेही एकटीच जेवशील."

"ऐकलं मी." मग भात कालवत, "काही महिने म्हणाल्या."

"कदाचित पूर्ण हिवाळा."

"तेही ऐकलं."

त्यांनी ताटातलं सगळं संपवलं. मला वाटतं, माझ्यासाठी संपवलं. मग उठून भांडी घासायला लागले, आणि मी विसळत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मेल लिहायला बसले. कॉम्प्युटर हॉलमध्ये होता. पप्पा मागे येऊन उभे राहिले. तिथे उभं राहायची त्यांना इतकी सवय होती की पाय आपोआप तिथे आले असणार. मी पहिली ओळ लिहिली. माझं नाव, आणि मी सतरा वर्षांची आहे, पन्नासची नाही. 'सतरा'चं स्पेलिंग चुकलं. माझ्या कानामागे त्यांनी श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पडद्याकडे आला, बोट पुढे झालं, आणि तिथेच थांबलं.

हात मागे गेला. चपला वाजल्या. ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून.

"पप्पा, 'लोन्ली'ला ई कुठे येतो?"

"मला काही विचारू नकोस," ते तिकडूनच म्हणाले. "मी सांगून टाकीन."

मी लिहीत राहिले. माझ्या मम्मीबद्दल लिहिलं. मी कधी कुणाबरोबर होडीत बसले नाही, दोघींची होडी असली की मी क्लबमध्ये आजारी असल्याचं सांगते, हेही लिहिलं. मला यायचं आहे असं लिहिलं. भीती वाटते तरी यायचं आहे, कारण एकटीनं कसं जायचं ते मला येतं, दुसरं काही येत नाही, आणि ते दुसरं शिकायचं आहे. प्रत्येक ओळीत दोन तरी चुका असतील. पाठवून दिली तेव्हा माझे तळहात घामेजले होते. शर्यतीच्या आधीही मला असा घाम येत नसे.

"गेली?" पप्पांनी विचारलं.

"गेली."

"काय लिहिलंस?"

मी सांगणार होते. तोंड उघडलंही. मग म्हणाले, "ते मॅडमना लिहिलंय, पप्पा."

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यांनी मान हलवली, एकदा, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

मॅडमचं उत्तर दोन ओळींचं होतं. जागा माझी होती. त्या हिवाळ्यात मॅडम म्हणाल्या होत्या तसंच झालं. त्या मोठ्या भोजनगृहात मी संघाच्या टेबलाशी बसून एकटी जेवत होते, खोलीत जाऊन रडत होते आणि पहाटे पुन्हा नदीवर जात होते. नाताळात परत यायचं तिकीट मी दोनदा शोधलं. आठजणींच्या होडीत पुढच्या मुलीच्या पाठीवर नजर ठेवून वल्हं मारायला शिकायला मला वसंत उजाडला, आणि त्या मुलीला माझा विनोद कळायला आणखी एक वर्ष लागलं. मी तिकडेच राहिले. पप्पा दर उन्हाळ्यात येतात. मॅडमशी इंग्रजी साहित्यावर तासन् तास बोलतात, आणि मॅडमना त्यातलं निम्मं कळत नाही.

पण त्या सगळ्या गोष्टीतलं मला जास्त आठवतं ते मुंबईचं विमानतळ. ऑगस्टची दुपार होती. आत जायच्या दारापाशी वर्दीतला जवान पासपोर्ट तपासत होता. पप्पांना तिथून पुढे यायची परवानगी नव्हती. ते कठड्याला टेकून, हाताच्या अंतरावर उभे होते. जवानानं पासपोर्टवर नाशिक वाचलं आणि हसून मराठीत विचारलं, "एकटीच चाललीस का? तिकडे कोण आहे तुझं?"

पप्पांनी तोंड उघडलं. मी ते पाहिलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी कठडा धरला.

"अजून कुणी नाही," मी म्हणाले.

जवानानं पासपोर्ट परत दिला, आणि मी बॅग ओढत आत गेले.